घरातली ऊब आणि खिशातले पैसे

(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या सभासद मेळाव्यातील भाषण)



संस्थेला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल आपल्या सगळ्यांचं अभिनंदन. समितीनं मला सांगितलं की जुन्या आठवणी सांगणारे पुष्कळ आहेत, तुम्ही काहीतरी उपयोगाचं बोला. म्हणून मी साधाच विषय घेतला आहे. दिवाळी सरली की लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, कट्ट्यावर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "आमच्या घरात लई गार पडतं हो." दुसरं, "हीटर घ्यावा तर बिलाची भीती वाटते." या दोन वाक्यांच्या मधला मार्ग कोणता, एवढंच मला बोलायचं आहे.

मराठवाडा म्हटलं की बाहेरच्या माणसाला ऊन आणि दुष्काळ आठवतो. पण परभणीचा पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला आपण पाहिला आहे, आणि जालना काही फार मागे नाही. मात्र आपल्या थंडीचा स्वभाव वेगळा आहे. डिसेंबर-जानेवारीत दुपारी बाहेर अठ्ठावीस-एकोणतीस अंश असतात आणि पहाटे दहा-बारा. हवा कोरडी, आभाळ निरभ्र. त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन आणि गच्ची सूर्य मावळला की आपली उष्णता भराभर आभाळात सोडते. म्हणजे आपली थंडी मुख्यतः रात्रीची आहे, आणि रोज दुपारी निसर्ग आपल्या दारात फुकट ऊब आणून टाकतो. ती ऊब दुपारी घरात घ्यायची आणि पहाटेपर्यंत टिकवायची. आज जे काही सांगणार आहे, ते सगळं एवढ्यातच आलं.

आपल्या जुन्या घरांना हे कळत होतं. आपल्यातले निम्मेअधिक लोक अंबड, घनसावंगीकडचे. बँकेच्या नोकरीत कर्जाच्या पाहणीसाठी मी त्या गोदापट्ट्यात खूप हिंडलो. वडीगोद्री, अंतरवाली सराटी, शहागड हा सगळा भाग पायाखालचा. अंतरवाली सराटीचं नाव २०२३ च्या उपोषणापासून महाराष्ट्रभर झालं. त्याच्या कितीतरी आधी मी त्या भागातल्या माळवदांच्या ओसरीवर बसून कागद भरले आहेत. पांढरीच्या मातीच्या दीड-दोन हात जाड भिंती, वर लाकडाच्या तुळया, त्यावर किलचन आणि त्यावर पुन्हा पांढऱ्या मातीचा थर. खिडक्या लहान, वर एखादा झरोका. दुपारचं ऊन त्या भिंतीत आणि छतात मुरायचं आणि त्याची ऊब आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र व्हायची. नेमकी लागते तेव्हा. उन्हाळ्यात हीच जाडी ऊन बाहेर थोपवून धरायची. त्यात माजघराला लागून चूल, शेजारी गोठा, जनावरांच्या अंगाची ऊब. वेगळा खर्च असा काही नव्हताच.

मग ती घरं गेली कुठं? लाकूड महागलं, दर वर्षी पावसाळ्याआधी माळवदावर माती टाकायला माणसं मिळेनाशी झाली. आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट झाली. किल्लारी, सास्तूर भागात दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. हजारो माणसं गेली. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाखाली निजायला माणूस घाबरू लागला, आणि ती भीती खोटी म्हणता येणार नाही. लोकांनी वर पत्रे टाकले, ज्यांना जमलं त्यांनी स्लॅब टाकला. जीव सुरक्षित झाला, पण पत्रा दुपारी तापतो आणि दिवस मावळल्यावर तासाभरात गार पडतो. आपल्या इमारतीच्या बाहेरच्या भिंती सहा इंची आहेत. त्या माळवदाइतकी ऊब धरून ठेवत नाहीत. म्हणून "आमच्या गावाकडचं घर किती उबदार होतं" असं नुसतं म्हणण्यात अर्थ नाही. ते घर परत येणार नाही, आणि तसंच्या तसं येऊही नये. त्याची युक्ती मात्र आपल्याला वापरता येते.

आता जमाखर्च मांडू. बँकेतली सवय आहे, आकड्याशिवाय समाधान होत नाही.

हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. बाजारात मिळणारा साधा हीटर किंवा ब्लोअर दोन हजार वॅटचा असतो. तो रात्री चार तास चालवला तर आठ युनिट. महिन्याचे दोनशे चाळीस. सगळे आकार धरून युनिटला आपण सोयीसाठी दहा रुपये धरू, प्रत्येकानं आपल्या बिलावरून खरा आकडा काढावा. म्हणजे महिन्याला दोन हजार चारशे, आणि दोन महिने थंडी धरली तर चार हजार आठशे. शिवाय महावितरणचे टप्पे आहेत. शंभरपर्यंत एक दर, एकशे एक ते तीनशे दुसरा, तीनशे एक ते पाचशे तिसरा. ज्याचं घर एरवी दीडशे युनिटांत भागतं, ते हीटरमुळे तीनशे नव्वदवर जातं, आणि तीनशेच्या वरची नव्वद युनिटं चढ्या दरानं पडतात.

एवढं करून ऊब किती वेळ राहते? हीटर बंद केला की अर्ध्या-पाऊण तासात खोली पुन्हा होती तशी. कारण हीटरनं हवा तापते, भिंती गारच राहतात, आणि तापलेली हवा खिडकीच्या फटीतून निघून जाते. आपल्यापैकी पुष्कळांची लेकरं परदेशात आहेत. तिकडची घरं बघून काहींना वाटतं की आपणही सगळं घर तापवावं. तिकडं भिंतीच्या पोटात उष्णता अडवणारा थर असतो, खिडकीला दुहेरी काच असते. इकडं तसं काही नसताना घर तापवणं म्हणजे बुडाला भोक असलेल्या रांजणात पाणी भरणं.

आता दुसरी बाजू बघा. दोन लिटरची रबरी पिशवी गरम पाण्यानं भरायची. वीस अंशांचं दोन लिटर पाणी साठ अंशांवर न्यायला एका युनिटच्या दहाव्या हिश्शाएवढी ऊर्जा लागते. म्हणजे साधारण एक रुपया. नवरा-बायकोच्या दोन पिशव्या धरल्या तरी महिन्याला साठ रुपये. झोपायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं ती पांघरुणात ठेवली की अंथरूण गरम होतं, आणि पुढं रात्रभर आपलं शरीरच ते गरम ठेवतं. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून शंभर वॅटच्या आसपास उष्णता बाहेर पडत असते, झोपेत थोडी कमी. ती पांघरुणात अडवायची, की झालं काम. काश्मीरमधला माणूस फेरनच्या आत कांगडी धरतो, जपानी माणूस कोतात्सू नावाच्या मेजाला पांघरूण लावून त्याखाली पाय घालून बसतो. दोघंही सगळी खोली तापवत बसत नाहीत. आधी माणूस उबदार करतात, आणि स्वस्त उपायाचं मूळ तेच आहे.

पांघरुणाचंही तसंच. कापडाच्या थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते. आपल्या आज्या जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक टाकून वाकळ शिवत, त्यातलं शास्त्र हेच. दोन-तीन पातळ पांघरुणं एका जाड पांघरुणापेक्षा जास्त उबदार असतात. घोंगडीच्या लोकरीचंही तेच. आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. गारवा खालूनही येतो. गादी पातळ असेल तर वाकळ किंवा घोंगडी गादीच्या खाली अंथरा. फरशीवर सतरंजी टाका, पायांत मोजे घाला, डोक्याला कानटोपी किंवा मफलर गुंडाळा. याला एक पैसा वीज लागत नाही.

आता घराचं. आधी जमेची बाजू, म्हणजे ऊन. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं झुकलेला असतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला भर दुपारी आपल्याकडं तो क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर, दक्षिणेला असतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तो जवळपास डोक्यावर येतो. याचा अर्थ, दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन खोलवर आत येतं आणि उन्हाळ्यात वरचा छज्जाच ते अडवतो. हिवाळ्यासाठी यापेक्षा सोयीची खिडकी नाही. आणि आपल्याकडं नेमकी हीच खिडकी वास्तुशास्त्राच्या धाकानं कपाट लावून बंद केलेली असते! श्रद्धा ज्याची त्याला, पण डिसेंबरात त्या काचेच्या एका चौरस मीटरमधून दुपारी चारशे-पाचशे वॅट ऊब आत येते. बिल न पाठवणारा हा छोटा हीटरच आहे. कपाट दुसऱ्या भिंतीला सरकवा.

म्हणून सकाळी ऊन आलं की पूर्वेचे आणि दक्षिणेचे पडदे उघडा. गाद्या, वाकळा, रजया गच्चीवर किंवा बाल्कनीत उन्हाला टाका. त्यातला ओलावा जातो आणि त्या फुगतात, म्हणजे हवा जास्त धरतात. दुपारी एक ते चार या वेळात बाहेरची हवा आपल्या घरातल्या हवेपेक्षा गरम असते, तेव्हा खिडक्या सताड उघडा. हे परदेशातल्या पुस्तकात सापडणार नाही, तिकडं दुपारही गारच असते. आपल्याकडं दुपारची हवा घर तापवते. आणि पाच-साडेपाचला, सूर्य मावळायच्या आत, खिडक्या बंद आणि पडदे ओढलेले. आपल्याकडं बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. दुपारी झोपमोड नको म्हणून पडदे ओढलेले, आणि संध्याकाळी दिवेलागणीला हवा खेळावी म्हणून सगळं उघडं. वेळ एवढी बदलली तरी फरक जाणवतो. करून बघा.

मग खर्चाची बाजू, म्हणजे गळती. आपल्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना फटी आहेत. रात्री त्या फटीजवळ ओला हात धरा, हवा कुठून येते ते कळतं. हार्डवेअरच्या दुकानात चिकटवायची फोमची पट्टी मिळते, ती लावा. दाराच्या खाली जुन्या चादरीची वळकटी करून ठेवा. पडदा जाड आणि जमिनीपर्यंत असू द्या. पावसाळ्यातली भिंतीची ओल दिवाळीच्या आत दुरुस्त करून घ्या. ओली भिंत वाळताना घरातली उष्णता ओढून घेते, म्हणून ओलसर खोली नेहमी जास्त गार लागते.

सगळ्यात वरच्या मजल्याच्या सभासदांचा त्रास खरा आहे. त्यांच्या डोक्यावरचा स्लॅब रात्रभर आभाळाकडं उष्णता सोडतो. तिथं खर्च करताना एक पथ्य पाळा. जे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दोन्ही वेळा उपयोगी पडेल तेच करा, कारण आपला उन्हाळा हिवाळ्यापेक्षा कठीण आहे. छताखाली पीओपीचं आढं केलं तर मध्ये हवेचा थर राहतो, तो दोन्ही ऋतूंत कामाला येतो. गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा ठिकठिकाणी उखडला आहे. तो नीट केला तर गळतीही थांबेल आणि जाडीही मिळेल. गच्ची सगळ्यांची आहे, त्यामुळे हा खर्च एकट्या वरच्या मजल्यावर टाकू नये, असं माझं मत मी आधीही सभेत मांडलं आहे आणि आजही मांडतो.

आता दोन गंभीर गोष्टी. लेकरांनी ऐकाव्यात आणि घरी आजी-आजोबांना सांगाव्यात.

पहिली गोष्ट विस्तवाची. गावाकडं शेकोटी अंगणात असायची. तुराट्या, पऱ्हाट्या पेटवायच्या, वर मोकळं आभाळ. चूल घरात असली तरी वर झरोका होता आणि कौलात, दारात फटी होत्या. आपल्या घरात, आत्ताच सांगितल्याप्रमाणे, आपण फटी बुजवतो. अशा बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त जोरानं चिकटतो. माणसाला आधी डोकं दुखल्यासारखं होतं, मळमळतं, गुंगी येते. झोपलेल्याला तेवढंही कळत नाही. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात अशी बातमी येते की शेगडी घेऊन झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरनंही हेच होतं. म्हणून शेगडी, निखारे, गॅसची शेगडी यांपैकी काहीही ऊब घेण्यासाठी झोपायच्या खोलीत आणायचं नाही. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवलेला हवा. तो आतच असेल तर बदलून घ्या, आणि तोवर पाणी बादलीत भरून गिझर बंद करा, मगच आंघोळीला जा. कोणी बेशुद्ध दिसलं तर आधी दारं-खिडक्या उघडा, माणसाला बाहेर मोकळ्यावर आणा आणि १०८ ला फोन करा.

हीटर वापरणाऱ्यांनाही दोन शब्द. आजारी माणूस, बाळंतीण, तान्हं मूल घरात असेल तर वापरावाच लागतो, त्याला माझा विरोध नाही. पण दोन हजार वॅट म्हणजे जवळपास नऊ अँपिअर. तो सहा अँपिअरच्या साध्या प्लगला किंवा टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डला लावू नका, वायर तापते. सोळा अँपिअरचा पॉइंट हवा. पडदा आणि अंथरूण तीन-चार फूट लांब, आणि झोपायच्या आधी बंद.

दुसरी गोष्ट माझ्या वयाच्या मंडळींची. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये घरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. थंडीच्या दिवसांत घरातलं तापमान निदान १८ अंश असावं, म्हाताऱ्या आणि आजारी माणसांसाठी त्याहून थोडं जास्त, असं त्यात म्हटलं आहे. थंडीनं रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. "आम्ही आयुष्यभर थंडी सोसली" ही फुशारकी सत्तरीनंतर उपयोगाची नाही. खोलीत एक साधं तापमापक लावा. म्हाताऱ्या माणसाला थंडी कमी जाणवते, त्यामुळे अंगाच्या अंदाजापेक्षा काट्यावर भरवसा ठेवा. पहाटे पाचचं फिरणं हिवाळ्यात सूर्य उगवल्यावर करा. ज्यांना मधुमेह आहे आणि पायाला संवेदना कमी आहे, त्यांनी गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपू नये. कातडी भाजली तरी कळत नाही. पिशवी फडक्यात गुंडाळून अंथरूण गरम करायचं, मग ती काढून ठेवायची आणि निजायचं. आणि भोगीला आपण तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी खातो, ती फक्त एका दिवसापुरती ठेवू नका. हिवाळाभर खा.

शेवटी संस्थेचा विषय. आपण आपापल्या घराचं बोललो, पण या आवारात सगळ्यात गार जागा कोणती? फाटकाजवळची वॉचमनची खोली. वर पत्रा, बाजूला चार इंची भिंत, दाराला खाली बोटभर फट. रात्री तो टायरचे तुकडे, खोके, प्लास्टिक पेटवून शेकतो, आणि धूर आपल्याच खिडक्यांत येतो म्हणून आपण त्याच्यावर ओरडतो. एखाद्या कडाक्याच्या रात्री त्यानं ते घमेलं आत घेऊन दार लावून घेतलं, तर काय होईल ते मी मघाशी सांगितलंच आहे. शेकायला जागा द्यायची नाही आणि वर शेकला म्हणून रागवायचं, हे पंचवीस वर्षांच्या संस्थेला शोभत नाही.

म्हणून समितीपुढं माझी विनंती आहे, आणि वार्षिक सभेत मी तसा ठराव मांडणार आहे. त्या खोलीच्या पत्र्याखाली आढं करावं, दार नीट बसवावं, एक खाट, एक गादी आणि दोन चांगल्या रजया द्याव्यात, आणि गरम पाण्यासाठी एक विजेची किटली. विस्तव आत न्यायचा नाही, हे त्याला प्रेमानं समजावून सांगावं. खर्च सगळ्या सभासदांत वाटला तर एका घराच्या वाट्याला हीटरच्या आठवड्याभराच्या विजेपेक्षाही कमीच येईल. ठराव मंजूर व्हायला वेळ लागणार असेल तर रजया तेवढ्या आधी देऊन टाकू. जानेवारी सभेसाठी थांबत नाही.

थोडक्यात पुन्हा सांगतो, म्हणजे लेकरांच्या लक्षात राहील. दुपारी ऊन आणि हवा आत घ्या. सूर्य मावळायच्या आत घर बंद करा. फटी बुजवा. खोली तापवण्याआधी माणूस उबदार करा. बंद खोलीत विस्तव नको. आणि आपल्याला ऊब मिळाली की फाटकावरच्या माणसाला मिळाली का, ते बघा.

 बाहेर चहा तयार आहे, तो गरम असतानाच प्यावा अशी विनंती करून मी थांबतो.